चोवीस नंबरचं क्रोमियम

आमच्या कॉलेजात अकरावी सायन्सला साठ पोरं आहेत आणि वर्गात फार तर एक. हे गणित ज्याला कळत नाही, त्याने आमच्या भागात फारसे दिवस काढलेले नाहीत. पोरांची नावं आमच्या पटावर आणि पोरं अकोल्याच्या क्लासमध्ये. ती तिथल्याच हॉस्टेलात राहतात, सकाळपासून रात्रीपर्यंत 'नीट'चे पेपर सोडवतात आणि बोर्डाच्या परीक्षेपुरती आमच्याकडे उगवतात. क्लासवाल्यांना कॉलेजची कटकट नको असते, संस्थेला पट हवा असतो, आईबापांना घरात डॉक्टर हवा असतो. सगळ्यांचं छान भागतं. मी रसायनशास्त्र शिकवते, माझं तेवढं भागत नाही.

कॉलेज जानेफळच्या पुढे, फाट्यावर आहे. मी जानेफळलाच खोली घेऊन राहते. माझं नाव मधुवंती. वडील चिखलीला कोर्टात क्लार्क होते, त्यांना गाण्याचा नाद, म्हणून मुलीला रागाचं नाव. मला राग येतो तेवढाच, गाता एक ओळ येत नाही. लग्न झालं नाही. फटकळ बाई, कोण करणार, असं लोक म्हणतात. खरं कारण एवढं चवदार नाही. आई अंथरुणाला खिळली होती आणि भाऊ पुण्याला होता. आई गेली तोवर माझ्या डोक्यावर पांढरं आलं होतं आणि विचारणारेही थांबले होते. भाऊ रविवारी फोन करतो. वहिनी पलीकडून विचारते, "ताई, तुम्ही अजून 'का'ला 'काऊन' म्हणता का हो?" आणि हसते. मी फोनवर शुद्ध बोलते, मग फोन ठेवते आणि एका माणसाचा भात लावते. एका माणसाचा भात कधीच धड होत नाही, एक तर करपतो नाही तर उरतो.

मी एकटी आहे, हे इथेच सांगून टाकते. उगीच वळणं घेत बसायची मला सवय नाही.

पूर्वी वर्ग भरायचा. आवर्तसारणी शिकवायची माझी एक पद्धत आहे, ती मी नोकरीला लागले तेव्हापासूनची. ज्याचा जो रोल नंबर तोच त्याचा अणुक्रमांक. एक नंबर हायड्रोजन, आठ नंबर ऑक्सिजन, सव्वीस नंबर लोखंड. वर्षभर त्या पोराने आपलं मूलद्रव्य सांभाळायचं. मी नुसता नंबर पुकारायचा, त्याने उभं राहून आपले इलेक्ट्रॉन कुठल्या खोलीत किती बसलेत ते सांगायचं: वन एस टू, टू एस टू, टू पी सिक्स. अणूत खोल्या असतात, एका खोलीत दोघांपेक्षा जास्त मावत नाहीत, खालच्या भरल्याशिवाय वरच्यांत कोणी जात नाही, आणि एकाच मजल्यावर सारख्या खोल्या असल्या तर आधी प्रत्येक खोलीत एकेक जण शिरतो, मग जोड्या लागतात. एवढे नियम कळले की कुठलंही मूलद्रव्य घ्या, बोटांवर मांडता येतं. पोरांना आपापलं मूलद्रव्य इतकं चिकटायचं की विचारू नका. अजून मेहकरच्या स्टँडवर एखादा ट्रॅफिक पोलीस शिट्टी थांबवून सांगतो, "मॅडम, मी झिंक." चिखलीच्या बाजारात एकदा कापसाच्या गाडीवरून कोणीतरी ओरडलं, "मॅडम, वळखलं का? फॉस्फरस!" सगळा बाजार माझ्याकडे बघायला लागला. मला काय आनंद झाला होता!

मग क्लासांची लाट आली. वर्ग निम्मा झाला, पाव झाला, आणि एका जूनमध्ये मी हजेरी घेऊन आत शिरले तर आत कोणीच नाही. शिपाई मोतीराम दारात उभा राहून म्हणाला, "मॅडम, पंखा लावू का बंद ठेवू?" त्या वर्षी मी स्टाफरूममध्ये बसून स्वेटर विणले. आमच्याकडे स्वेटर लागतात किती, तर दोन महिने. भावाच्या घरी सगळ्यांना झाले, मोतीरामला झाला, प्राचार्य उद्धवरावांनाही झाला.

आणि यंदा करिष्मा आली.

करिष्मा इंगोले, रोल नंबर चोवीस. तिची आई धम्मशीला फाट्याजवळच्या गावात आशाताई आहे, घरोघर फिरून बाळंतिणी बघते. क्लासची फी तिच्या आवाक्यातली नव्हती, म्हणून पोरगी खरोखरच कॉलेजात आली. पहिल्या दिवशी ती दारात थांबली आणि रिकामे बेंच बघून म्हणाली, "मॅडम, आज सुट्टी हाय का?"

"सुट्टी असती तर मी इथे झक मारायला आले असते का? बस."

ती शेवटच्या बेंचवर जाऊन बसली. मी तिला पुढे बोलावलं. सबंध वर्गाला शिकवायचा माझा आवाज, तो एका पोरीवर सोडला. ती जरा दचकली, पण मला आवाज लहान करता येईना.

करिष्माला काही सांगितलं की लगेच मान डोलवायची सवय नव्हती. कळेपर्यंत ती कपाळाला आठी घालून बसायची. इलेक्ट्रॉन संरूपणाचा धडा आला तेव्हा मी नेहमीसारखं पुकारलं, "चोवीस नंबर!" तिने इकडेतिकडे पाहिलं, तिच्याशिवाय होतंच कोण. उठली, बोटांवर मोजत गेली. "अठरा बसले खाली. राह्यले सहा. दोन फोर एसमधी, चार थ्री डीमधी."

"चूक."

"काऊन?"

मी तो शब्द कितीतरी दिवसांनी वर्गात ऐकला. पोरं "बरं मॅडम" म्हणतात, "परीक्षेले येते का" म्हणतात. काऊन कोणी म्हणत नाही.

"नेमानं तं बरोबर हाय," ती म्हणाली. "फोर एस आधी भरते, तुमीच सांगतलं."

क्रोमियम हे असंच आहे, पहिल्यांदा मांडणारा हटकून फसतो, आणि नीट शिकलेलाच फसतो. ज्याला नियम येत नाही त्याला क्रोमियममध्ये काही वावगंच दिसत नाही. मी फळ्यावर चौकोन काढले. थ्री डीच्या पाच खोल्या. चौघांनी चार अडवल्या, एक रिकामी. शेजारी फोर एसमध्ये दोघं दाटीवाटीने. तर त्यातला एक उठतो आणि त्या पाचव्या खोलीत जाऊन बसतो. आता फोर एसमध्ये एक, थ्री डीमध्ये पाच. सहा खोल्या, सहा जण, प्रत्येक जण एकेकटा. असं झालं की अणूला थारा लाभतो.

करिष्माची आठी काही जाईना. "एकेकटे राहून थारा कसा लाभते मॅडम?"

"अगं, ते इलेक्ट्रॉन आहेत. सगळ्यांवर सारखाच भार. जवळ आले की एकमेकांना ढकलतात."

"आमच्या घरी एका खोलीत पाच जनं हावो आमी. ढकलतो, पन कोनी जात नाही."

मी हसले. इतक्या मोठ्याने हसले की मोतीराम बघायला आला. त्या दिवसापासून माझा दिवस ती वर्गात येण्याने सुरू व्हायचा. भात उरला तरी मी तेव्हा फार मनावर घेत नव्हते.

दिवाळीनंतर प्राचार्यांनी मला बोलावलं. उद्धवराव माणूस वाईट नाही, फक्त कायम घाबरलेला असतो. "मॅडम, खात्याची तपासनी हाय. पोरं दिसली नाही तं सायन्सची तुकडी बंद करतात. तुमी अतिरिक्त ठरान. मंग कुठं फेकतीन, सांगता येत नाही."

अतिरिक्त म्हणजे इथून उचलून जिथे शिक्षक कमी तिथे टाकणं. खरं सांगू? मला ते चालणार होतं. चालणार काय, हवं होतं. कुठेही टाका, मेळघाटात टाका, पण समोर पोरं असू द्या. मी तसं म्हणणारही होते.

"आणि करिष्मा?" मी विचारलं.

"तिचं काय? दुसऱ्या कॉलेजात नाव घालू."

दुसरं सायन्स कॉलेज मेहकरला. तिच्या गावातून त्या वेळेला एसटी नाही, आणि जीपमध्ये पुरुषांच्या मांडीला मांडी लावून पोरीला रोज पाठवायला धम्मशीला तयार होणार नव्हती. आर्ट्सला नाव घातलं असतं आणि संपलं असतं. म्हणून मी गप्प बसले. मला खोटं जमत नाही, जमत नाही म्हणून मी किती जणांशी भांडले आहे, पण त्या दिवशी मी म्हणाले, "ठीक आहे सर. काय करायचं ते सांगा."

करायचं एवढंच होतं की अकोल्याहून क्लासच्या बसमधून आमची पोरं येतील, मी तास घेईन, साहेब बघून जातील.

तपासणीच्या दिवशी बस आली. पोरं उतरली, झोपाळलेली, सगळ्यांच्या अंगात क्लासचे टी-शर्ट. ते उलटे करून घाला म्हणून उद्धवराव त्यांच्या मागे धावत होते. बरोबर क्लासचे चिन्मय सर होते, तिशीतले, पांढरे बूट, बोलायला गोड. पोरं वर्गात शिरली आणि बेंच भरले. मी खडू हातात घेऊन दारातच थांबले. सगळे बेंच भरलेले दिसल्यावर माझे डोळे भरून आले. त्या क्षणी समोर सगळा तमाशा चालला आहे हे मला माहीत होतं, पण डोळ्यांना कोण सांगणार. करिष्मा आपल्या जागेवर होती आणि तिच्या शेजारी आज कोणीतरी बसलं होतं.

साहेब आले, मागे खुर्चीवर बसले आणि हजेरीपट उघडला. मी शिकवायला लागले. रसायनात मी एकदा शिरले की मला बाकीचं काही दिसत नाही. खोल्या मांडल्या, नियम मांडले, आणि तोंडातून सवयीने गेलं, "अकरा नंबर, उठा!"

कोणी उठेना.

"अकरा नंबर!"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग माझ्या लक्षात आलं. आपला रोल नंबर त्या पोरांना माहीतच नव्हता. पटावर ती जूनपासून रोज हजर होती, पण त्यांचा नंबर कोणी एकदाही पुकारला नव्हता. दारात उद्धवराव पांढरे पडले. साहेबांनी पटावरून मान वर केली. "काय मॅडम, अकरा नंबर तर हजर दिसतो इथे."

करिष्मा उभी राहिली. "सर, अकरा म्हंजे सोडियम. मॅडम नंबर सांगतात, ज्याले येते त्यानं उठाचं. वन एस टू, टू एस टू, टू पी सिक्स, थ्री एस वन."

ती साफ खोटं बोलत होती आणि आवाज जराही कापत नव्हता. साहेब कधीकाळी बी.एस्सी. असावेत. त्यांनी तिच्याकडे बघितलं, पोरांच्या उलट्या टी-शर्टांकडे बघितलं, आणि पेन खाली ठेवलं. "असं? मग चोवीस सांग. नुसतं पाठ केलेलं सांगू नको, कारण सांग."

करिष्मा फळ्याकडे गेली. तिने चौकोन काढले आणि सगळं सांगितलं, आधी चूक कशी होते तेही सांगितलं. शेवटी म्हणाली, "सर, मले आधी पटलं नव्हतं. मंग मी मँगनीज मांडून पाह्यलं. तिथं आलेला नवा गडी फोर एसमधीच जाऊन बसला, ह्या पाच जनांले कोनी धक्का लावला नाही. तवा पटलं."

हे मी तिला शिकवलं नव्हतं. ते तिने घरी, त्या पाच माणसांच्या खोलीत बसून शोधलं होतं.

वर्ग जागा झाला. नांदुऱ्याची मनाली म्हणून एक मुलगी, तिने हात वर केला. "मॅडम, मग मॉलिब्डेनमचंही असंच ना? पण टंगस्टनचं तसं नाही, आमच्या नोट्समध्ये दिलंय. का नाही?"

दारातून चिन्मय सर म्हणाले, "ते परीक्षेला येत नाही, बेटा."

"न येऊ द्या," मी म्हणाले. "विचारलंय ना तिने." आणि मी सांगत सुटले. टंगस्टनच्या पोटात भार इतका मोठा की बाहेरच्या एस खोलीतले दोघं आत ओढले जातात आणि घट्ट बसतात, मग त्यातला एकही उठून शेजारी जायला राजी नसतो. पोरं विचारत होती, मी सांगत होते, कोणी म्हणत होतं चूक, कोणी म्हणत होतं बरोबर. तासाची घंटा झालेली मला ऐकू आली नाही. साहेब कधी उठून गेले तेही कळलं नाही. शेवटी बसचा हॉर्न वाजला आणि पोरं दप्तरं उचलायला लागली. मनाली जाताना म्हणाली, "मॅडम, माझा नंबर कोणता?" मी पट बघून सांगितला, एकतीस. "म्हणजे गॅलियम," ती म्हणाली आणि धावत गेली.

मी फळा पुसत होते तेव्हा चिन्मय सर आत आले. "मॅडम, ही चोवीस नंबरची मुलगी इथे काय करते?"

"शिकते."

"टॅलेंट आहे. वाया घालवू नका. फी नको, हॉस्टेल फ्री, पुस्तकं फ्री. टॉप बॅचला बसवतो मी तिला."

त्याला चार शब्द सुनावावेत असं वाटलं, पण त्याचं काय चुकलं होतं? पोरगी मीच सगळ्यांसमोर उभी केली होती. तिच्याकडे बघून माझा ऊर भरून आला होता, तेव्हा मला हे सुचलं नव्हतं की दुसऱ्यांनाही डोळे आहेत.

रविवारी दुपारी धम्मशीला करिष्माला घेऊन माझ्या खोलीवर आली. मी चहा टाकला. घरात कप दोनच, मी पेल्यात घेतला.

"मॅडम, ते अकोल्याचे सर घरी येऊन गेले," धम्मशीला म्हणाली. "सगळं फुकट हाय म्हनतात. मले काही समजत नाही. तुमी सांगान तसं. पोरीचं भलं व्हते का?"

करिष्मा खाली बघत होती. तिने कप खाली ठेवला. "मॅडम, तुमी म्हनान तं नाही जात मी."

एका शब्दाचं काम होतं. मी नुसतं "बघ बाई" म्हटलं असतं तरी ती राहिली असती. ती मला हवी होती. सकाळी दारात तिच्या चपला वाजाव्यात, तिने आठी घालावी, काऊन म्हणावं, एवढंच हवं होतं मला, आणि ते सगळं माझ्या ओठांपर्यंत आलं होतं.

पण आमच्याकडे फिजिक्सला सर नाहीत. बायोलॉजीच्या मॅडम आल्या तर येतात. एका रसायनावर कोणी डॉक्टर होत नाही.

"मला काय विचारतेस?" मी खेकसले. खेकसले नसते तर रडले असते. "इथे माझ्या तोंडाकडे बघत बसून काय होणार तुझं? जा. आणि तिथे कोणी नुसतं पाठ कर म्हटलं तर करू नकोस."

"मंग तुमच्या वर्गात कोन राहीन?"

"माझा पगार चालू राहतो. तू त्याची काळजी करू नको."

धम्मशीलाने माझे हात हातात घेतले. करिष्मा पाया पडायला वाकली, मी पडू दिलं नाही. त्या दोघी फाट्याच्या जीपमध्ये बसल्या आणि मी खोलीत येऊन कप विसळले. मग मी पोटभर रडले, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून टीव्ही मोठा करून.

आता ती अकोल्याला आहे. नाव आमच्याच पटावर आहे, रोज हजर असते. सुरुवातीला तिचे फोन आले. नंतर हॉस्टेलवाल्यांनी मोबाइल जमा करून घेतले, ते बरोबरच केलं म्हणा, अभ्यास करायचा तर असंच करावं लागतं.

परवा उद्धवरावांनी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर पेढ्यांचा बॉक्स. इतकी वर्षं मी त्यांना ओळखते, पण त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा न घाबरलेलं पाहिलं.

"मॅडम, शेरा आला. 'अध्यापन उत्कृष्ट, विद्यार्थी चौकस,' साहेबांनी सोताच्या हातानं लिहिलं. तुकडी कायम!" त्यांनी बॉक्स माझ्यापुढे केला. "घ्या, तुमच्यामुळं झालं हे. अतिरिक्त नाही, बदली नाही, काही नाही. आता तुमाले इथून कोनी हलवू शकत नाही, मॅडम. रिटायर होईस्तोवर निवांत बसा."